घरी नेऊन बघा

ॲमरिलोच्या हमरस्त्यावरल्या शोरूममध्ये लोरेटाने त्या धिप्पाड आठ सीटच्या गाडीची मागची रांग पुन्हा पाडून पाहिली.

"पूर्ण सपाट होते ना?"

"अहो, पलंग होतो पलंग!" सेल्समन ड्वेन हसला. "पण घाई नको, मॅडम. आज घरी न्या, दारात उभी करा, शेजाऱ्यांना जळू द्या. उद्या सकाळी आणून द्या आणि काय ते सांगा. सगळ्यांनाच देतो आम्ही अशी."

लोरेटाचा जीव भांड्यात पडला. लायसन्स दाखवून तिने किल्ली घेतली. पुढच्या वळणावर तिची दोन्ही पोरं उशा कवटाळून थांबली होती.

धाकटीने मागे चढून पाय लांब केले.

"आई, कालच्या गाडीत पाय पोटाशी घेऊन झोपले गं. ही तरी परत नको ना करूस!"