एकोणतीस हजार सहाशे एकाहत्तर

१९६४ साल. क्रांतीला वीस वर्षं होणार होती, आणि रुसे शहरातल्या आमच्या गणनकेंद्राने देशाला एक संख्या भेट द्यायची ठरवली होती: १९४४५४८३२७. सुरुवातीला क्रांतीचं साल, आणि एक व ती स्वतः सोडून कशानेही भाग न जाणारी. मूळ संख्या. दारावरच्या लाल कापडावर ती रंगवूनही झाली होती.

संचालक काब्रोव यांनी कागद पुढे सरकवला. हाताने फिरवायच्या यंत्रावर भागाकार करणाऱ्या दोघींच्या सह्या हव्या होत्या. त्सोनाने केली. रुमेनाने पेन खाली ठेवलं.

"हिला भाग जातो, कॉम्रेड."

"काहीतरीच काय! चार महिने हँडल फिरवलंत दोघींनी. साडेचार हजार भाजक. प्रत्येकापुढे खूण आहे."

"एका पानावरच्या खुणा खोट्या आहेत. महिलादिनाला तुम्ही आम्हाला फुलं दिलीत, दुपारभर नाचवलंत. संध्याकाळी म्हणालात, दिवसाचं काम पुरं दाखवा. आम्ही न भागताच खुणा करून टाकल्या. काल मी ते पान पुन्हा काढलं."

त्सोना टेबलाखालून तिचा स्कर्ट ओढत होती. "रुमे, गप बस ना गं! कोण बघायला येणार आहे?"

"मी आले ना बघायला."

रुमेनाने यंत्र जवळ ओढलं आणि भाजक लावला: २९६७१. हँडलचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता. भागाकाराचे अंक एकेक करून उमटले: सहा, पाच, पाच, तीन, सात. बाकीच्या खिडकीत ओळीने शून्यं उभी राहिली.

काब्रोवनी ती खिडकी तळहाताने झाकली.

"जिल्हा समितीला तार गेलीय," ते हळू आवाजात म्हणाले. "आता ही मूळ संख्याच आहे. सही कर, नाहीतर सोमवारपासून मिरच्यांच्या बरण्या भरायला कारखान्यात जा."

"तार परत मागवता येते, कॉम्रेड. संख्येचं काय करणार?"

"राहतेस ते घरही केंद्राचंच आहे, विसरू नकोस."

रुमेनाने पर्समधून किल्ली काढली आणि कागदावर ठेवली. "स्वयंपाकघरातला नळ गळतो. येईल त्याला सांगा."

काब्रोवनी किल्ली बाजूला सारली, ब्लेड घेतलं आणि दुसऱ्या सहीची ओळ कागदावरून सरळ कापून टाकली.

नऊ सप्टेंबरला, क्रांतिदिनी, संख्या वाजतगाजत जाहीर झाली. काब्रोव पदक लावून राजधानीत, सोफियाला गेले आणि तिथेच निवृत्त झाले. त्सोना विभागप्रमुख झाली. रस्त्यात रुमेना दिसली की ती पलीकडच्या फुटपाथवर जायची. रुमेना कारखान्यात बरण्यांची झाकणं तपासायला लागली. पहिल्याच आठवड्यात तिने अख्खा ट्रक परत पाठवला.