एकेचाळिसावा कागद

"हा कागद गठ्ठ्यात जाणार नाही," हिशेब पाहणारी अबोली म्हणाली आणि तिनं त्यावर चहाचा कप ठेवला.

मार्तंडनं कप उचलला. "सगळे कागद मागितले ना त्यायनं? मंग सगळे."

नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावामागं, घरमालक मनोहररावांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मार्तंडची कंपनी होती. तो तिला दुकानच म्हणायचा. माणसं अकरा आणि एक मशीन. वऱ्हाडीत बोला नाहीतर लिहा, ते इंग्रजी करून देई. बंगलोरच्या एका मोठ्या कंपनीनं असल्याच मशीनवर तीन वर्षं घालवली होती आणि त्यांच्या मशीनला 'काहून' म्हणजे 'का', एवढंही अजून कळत नव्हतं.

म्हणून आता तिला मार्तंडची कंपनीच हवी होती. मशीन घेऊ, माणसं नकोत, असा निरोप आला होता. मार्तंडची अट एकच: ऑफिस नागपुरात राहील आणि अकराही जण राहतील. आधी कागद पाहू, असं तिकडून उत्तर आलं.

एकेचाळिसावा कागद म्हणजे मनोहररावांना लिहिलेल्या पत्राची नक्कल. पैसे संपले, म्हणून लिहिलेलं दोन ओळींचं पत्र. पण तीस तारखेनंतर ही कंपनी नसेल, हे त्यात लिहिलं होतं.

"हे वाचलं तर ते अट काहून मानतील?" अबोली म्हणाली. "गुपचूप बसून राहतील अन् एक तारखेले मशीन उचलून नेतील. आपण अकरा जण कुठं जायचं?"

मुद्दा बरोबर होता. मार्तंडला रात्र रात्र त्याच विचारानं झोप नव्हती. "मले समजते," तो म्हणाला. "पण लपवून केलेला सौदा मले पचणार नाही."

कोपऱ्यात यमुताई मान खाली घालून लिहीत होत्या. त्या सावनेरच्या शाळेतल्या निवृत्त बाई. मशीनला बोली शिकवायचं काम त्यांचं. म्हणी, उखाणे, शिव्यासुद्धा त्यांनी वह्या भरभरून दिल्या होत्या. एकच पान राहिलं होतं, दुकानदारीचं. दोनदा त्या ते घेऊन आल्या, दोनदा मार्तंडनं ते परत केलं. "चालत्या धंद्यात हे शब्द नको, यमुताई. मंग पाहू."

मनोहररावांचं पत्रही त्यांनीच तपासलं होतं. मार्तंडनं 'बंद' असं लिहिलं होतं. यमुताईंनी तो शब्द खोडला. "असं अभद्र लिहीत नसतात गा. तुह्या आईनं शिकवलं नाही का?" आणि चार भली माणसं म्हणतात तसं लिहून दिलं.

गठ्ठा गेला. एकेचाळिसाव्या कागदासकट.

पाचव्या दिवशी मोठ्या कंपनीचा गौरांग आला. आईवडील इथल्याच हुडकेश्वरचे, हा वाढला बंगलोरात. मराठी बोलायचा, पण शब्द चाचपत.

"अट मंजूर," तो म्हणाला. "ऑफिस इथेच. अकरा लोक राहतील. सही करून आणलंय."

अबोली मटकन खुर्चीत बसली. मार्तंडचे डोळे भरून आले. पण त्याला राहवेना.

"एक विचारू का? आमची हालत पाहूनही तुम्ही मानलं कसं?"

"हालत?" गौरांग हसला. "साहेब, तुम्ही दिसता साधे. तुमच्या मागे कोणीतरी मोठं उभं आहे, हे आमच्या लोकांना कळलं. आणखी थांबलो असतो तर तुम्ही हातातून गेला असता. ते पत्र वाचल्यावर सगळे घाबरले."

"कोणतं पत्र?"

गौरांगनं अहवाल उघडला आणि इंग्रजी वाचत मराठीत सांगू लागला. "कागद एकेचाळीस. घरमालकाला. तीस तारखेला आम्ही दुकान मोठं करतोय."

खाली मनोहररावांच्या अंगणात कुणीतरी बादली आपटली.

"दुकान वाढवतो, असं लिहिलं होतं म्या," यमुताई हळूच म्हणाल्या.

"तेच तर," गौरांगनं मान डोलावली. "वाढवतो."

मार्तंडनं अहवाल स्वतःकडे ओढला. "हे इंग्रजी कोणी केलं?"

"तुमच्याच मशीननं," गौरांग म्हणाला. "त्याच्यावर आमचा पूर्ण भरोसा आहे."