पाहणी

मुलाला पाळणाघरात घालण्याआधी मी दोन दिवस तिथल्या बाकावर बसून काढले होते, तिथली बाई रडक्या पोरांशी कशी बोलते ते बघत. त्याने मला या वृद्धाश्रमात सोडलं, तेव्हा गाडीचं इंजिनसुद्धा बंद केलं नव्हतं.

आज दोन वर्षांनी साहेब बायकोला घेऊन उगवले. चादर हुंगली. माझी बेल दाबून आया किती मिनिटांनी येते ते मोजलं. पडून पडून माझ्या पाठीला झालेल्या जखमा बघून तर त्याने व्यवस्थापकाला फैलावर घेतलं, "माणसं सांभाळता की जनावरं?"

मला भरून आलं. "बॅग भरू का रे?"



"तुझी कशाला, आई? आम्ही हिच्या आईसाठी बघायला आलो होतो. पण त्यांना असल्या ठिकाणी कसं ठेवणार?"