वाळूखालचा मासा

बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीत बावीस वर्षं काढलेले शामराव शिफ्ट संपवून क्वार्टरवर आले, तर बैठकीत काचेची नवी टाकी! बायकोनं, विनोदिनीनं, भावाकडून हैदराबादहून स्टिंगरे मागवला होता. बशीएवढा, चपटा मासा. तो वाळूत दडून बसलेला. वर नुसते दोन डोळे.

आठवडाभरातच जेवता जेवता शामराव कावले.

“असा कसा मासा आणला वं तू? दिवसभर आपला खालीच! वर येते ते फक्त खायाले. पोट भरलं का पुन्हा गडप. घरच्या माणसाकडं पाहत बी नाई!”

विनोदिनीनं त्यांच्या ताटात दुसरी भाकर वाढली.



“राहू द्या. मले सवय हाय.”