राष्ट्राध्यक्षांचं कापड

"मागे वळून बघा बरं सगळ्याजणी," तोंडातली टाचणी काढत अकुवी शिंपीण म्हणाली. बाजारातल्या बायका आरशाकडे पाठ करून माना वळवायला लागल्या, आणि हसून हसून त्यांची मुरकुंडी वळली.

पश्चिम आफ्रिकेतल्या त्या देशात राष्ट्राध्यक्षांच्या वाढदिवसाला त्यांच्या तसबिरी छापलेल्या कापडाचे झगे घालायची बायकांना सक्ती होती. साहेबांनी आता तरी खुर्ची सोडावी म्हणून गेल्या वाढदिवसाला बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा शिपायांनी त्यांना गुरासारखं बदडलं होतं. अकुवीला अजून उशीशिवाय बसवत नसे. म्हणून यंदा झगे बेतताना तसबीर कुठे यायला हवी ते तिने नीट ठरवूनच कात्री लावली होती.

वाढदिवस उजाडला. "खुर्ची सोडा!" असा गजर करत मोर्चा चौकात आला. फौजदाराने हुकूम सोडला, शिपाई लाठ्या उगारून धावले.

"वळा गं!" अकुवी ओरडली. बायका गर्रकन वळल्या आणि सांडलेले टोमॅटो वेचायचे असावेत तशा खाली वाकल्या.

लाठ्या वरच्या वर थबकल्या. प्रत्येकीच्या ढुंगणावरून राष्ट्राध्यक्ष गोड हसत होते, आणि त्यांच्या तसबिरीवर हात उगारणाऱ्याला त्या देशात जन्मठेप होती.

"मावशी," एक शिपाई काकुळतीला येऊन म्हणाला, "साहेबांना तिथून उठवा ना!"

"आम्ही तरी दुसरं काय म्हणतोय रे बाळा?" अकुवी वाकूनच म्हणाली.