लालासाहेबांची शेड

कुंकवाचं बोट पुढं करून राजेश्वरी उभी राहिली, आणि शेडमधली एकही बाई कपाळ पुढं करीना.

आज नवऱ्याची पहिली गाडी. गाडी पूजायच्या आधी तिथं असतील त्या बायकांना हळदीकुंकू लावायचं, ही तिच्या सासरची रीत. म्हणून ताट घेऊन ती हौसेनं आधी शेडमध्ये आली होती. पत्र्याखाली बसून बायका फाटक्या ताडपत्र्या शिवत होत्या. बाहेर आवारात शिवतेज ट्रकला पुढून-मागून हात लावत फिरत होता. हेवी लायसन्स नुकतंच हातात पडलेलं, आणि गडी आज साखरेची पोती घेऊन खंडाळ्याचा उतार उतरणार होता. अंगावर मूठभर मांस चढलं होतं त्याच्या.

खरं तर काम द्यायला तयार असलेले मालक दोन होते. सांगलीच्या आदगोंडा पाटलांनी सांगितलं होतं, काही महिने आमच्या जुन्या ड्रायव्हरशेजारी बसायचं, टायर-ब्रेक बघायला शिकायचं, मग स्टेअरिंग. तोवर पगार अर्धा. शिवतेज तिथनं तोंड पाडून आला. मी काय क्लीनर हाय का, म्हणाला. कोरेगावच्या लालासाहेबांनी मात्र चहा पाजला, लायसन्स ड्रॉवरमध्ये ठेवून घेतलं आणि किल्ली पुढं सरकवली. ब्रेकचं नावसुद्धा काढलं नाही. विचारलं ते घरचं. बायको काय करते, तिला शिवण येतं का.

त्यावरच राजेश्वरी भुलली. खोटं कशाला बोला, शिवतेज जरा घुटमळत होता, ढकललं तिनंच. लालासाहेब म्हणजे देवमाणूस, असं आख्खा तालुका म्हणतो. ड्रायव्हरच्या बायकांच्या हाताला काम देतात, पोरांची फी भरतात. नवरा गाडीवर आणि आपण शेडमध्ये, असा संसार तिनं मनात मांडूनही टाकला होता.

हरणाबाई त्यांच्यात थोरली. तिच्या कपाळाला काही नव्हतं. म्हातारी आहे, असेल, म्हणून राजेश्वरी पुढं सरकली. सुलाबाईनं मान खाली घातली आणि दाभणात सुतळी ओवत बसली. राहिली बनुबाई. ती तर राजेश्वरीच्याच वयाची, कपाळावर बारकी काळी टिकली. राजेश्वरीला हायसं वाटलं. तिनं बोट नेलं, तसं बनुबाईनं तिचं मनगट धरलं.

"नगं बाई. टिकली पोरांसाठी लावते. मोकळं कपाळ बघून रडत्यात."

राजेश्वरीला काही सुधरेना. तुमचे कारभारी, एवढंच तिनं कसंबसं विचारलं. बनुबाईनं हनुवटीनं आवाराकडं दाखवलं. लालासाहेबांच्याच गाडीवर होते, म्हणाली. सुलाबाईचेही. हरणाबाईचा तर आधी नवरा आणि मागनं लेक.

"मालक वंगाळ न्हाई," हरणाबाई टाका ओढत म्हणाली. "मेलेल्याच्या माणसांना कवा उघड्यावर टाकलं न्हाई. जित्या ड्रायवरला तेवढं नवं टायर घालत न्हाई."

राजेश्वरी ताट घेऊन बाहेर आली ती कशी आली, तिचं तिला माहीत. ट्रक झेंडूच्या माळांनी सजला होता. टायर काळेभोर, नव्यासारखे चकचकीत. चाकाखाली लिंबू ठेवायचं निमित्त करून ती खाली वाकली आणि तिनं टायरवरून हात फिरवला. पोळपाटासारखा गुळगुळीत होता तो. बोटांना काळा रंग लागला.

शिवतेज केबिनमध्ये चढून बसला होता. तिनं दार धरलं आणि बोटं त्याला दाखवली. उतरा म्हणाली, सांगलीला जाऊ, पाटलांच्या पाया पडू, मी रोजानं शेतात भांगलायला जाईन, अर्ध्या पगारात भागवू. पोटातलं सगळं भराभरा बोलून मोकळी झाली. शिवतेजनं बोटांकडं बघितलं, मग ऑफिसकडं. लालासाहेब नारळ घेऊन बाहेर येत होते, मागं चार माणसं होती. ड्रॉवरमध्ये लायसन्स होतं. त्याच्या कपाळावर घाम आला होता, हे तिला दिसलं.

"तूच म्हणालीस न्हवं, देवमाणूस हाय म्हणून?" तो हळूच म्हणाला. "आता चारचौघांत कसा उतरू?"

लालासाहेबांनी नारळ फोडला, पाणी चाकावर शिंपडलं. तिचा उतरलेला चेहरा बघून त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण ते अगदी थोरल्या भावासारखे बोलले.

"घोर करू नका, वहिनी. शिवतेज आता आमच्या घरचा. उद्या काय झालंच, तर तुमच्या मागं मी हाय."

इंजिन सुरू झालं. लिंबू चिरडलं. राजेश्वरी ओरडली, जाऊ नका, पण इंजिनाच्या घरघरीत ते कुणाला ऐकू जाणार? ती निरोप देते आहे असं शिवतेजला वाटलं. त्यानं खिडकीतून हात हलवला, हॉर्न वाजवला. ट्रक हायवेला वळून दिसेनासा झाला, तरी ती तिथंच उभी होती.

कुंकवाचा करंडा शेडमध्ये राहिला होता. तो घ्यायला ती परत आत गेली. कुणी मान वर केली नाही. हरणाबाईनं तेवढे आपल्या पोत्यावरचे सुतळीचे तुकडे हातानं झाडले आणि एका बाईपुरती जागा करून ती जराशी पलीकडं सरकून बसली.