सरळ नजर

नुझा चहा घेऊन अगदी समोर येऊन बसली, तरी लाल्ला रहीमोनं तिच्याकडे बघितलं नाही. होणारी सासू ती. मुलगी बघायला आली होती आणि बघत होती कुठं, तर मुलीच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे. नुझा जरा सरकली. म्हातारीची नजरही तेवढीच सरकली.

नुझाच्या आईचं, फेत्तूमाचं डोकं फिरलं. तेतुआन शहरातल्या चांगल्या चांगल्या घरांनी मागणी घातलेली पोर, आणि ही बया तिच्याकडे ढुंकूनही बघेना.

स्वयंपाकघरात तिनं नुझाला गाठलं. "बघितलास तोरा? आपल्याकडे नजर टाकायचाही कमीपणा वाटतो हिला. साखर परत देते मी."

मुलाकडच्यांनी मागणी घालताना आणलेली साखर परत गेली की विषय संपला. नुझाला तर लाल्ला रहीमोच्या मुलाशिवाय, अनवरशिवाय कुणाशीच लग्न करायचं नव्हतं. ती रडली, आईच्या हातापाया पडली. पण फेत्तूमानं निळ्या कागदातला साखरेचा सुळका उचललाच आणि बाहेर नेऊन पाहुणीच्या पुढ्यात ठेवला.

"माझ्या मुलीकडे बघवत नसेल, तर न्यायची कशाला तिला?"

लाल्ला रहीमो रागावली नाही. "डाव्या भुवईत व्रण आहे तिच्या. हसताना ओठ मिटून घेते. आणि आत्ता रडून आलीय. अजून काय बघू?"

फेत्तूमानं वळून मागोमाग आलेल्या नुझाच्या भुवईकडे बघितलं.

"माझ्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय, बाई," म्हातारी म्हणाली. "कडेकडेचं तेवढं दिसतं. पहिलं वर्षभर मी अनवरच्या तोंडाकडे बघायची आणि तिथं नुसता धूर. मग हळूहळू तो दिसायला लागला. डॉक्टर म्हणाले, तुमच्या मेंदूनं काठावरची एक जागा निवडलीय आणि तिलाच मध्य करून टाकलंय. मी काही शिकवलं नाही हो त्याला. आता ज्याला बघायचं, त्याच्या बाजूला नजर आपोआप जाऊन बसते. सरळ बघायचं तर जोर लावावा लागतो, आणि बघितलं की माणूस गायब. अनवरला हे मीच तुमच्याकडे बोलू दिलं नाही. आंधळीची सेवा करायला सून नेतायत, असं झालं असतं. चुकलंच माझं."

नुझाच्या अंगावर काटा आला. कुणी न सांगता, न विचारता, या बाईच्या डोक्यात एवढं मोठं काम होऊन गेलं होतं. हरवलेला मुलगा परत आणला होता. ती त्या बाजूला वळलेल्या डोळ्यांकडे बघतच राहिली.

फेत्तूमानं साखर मागे ओढली, छातीशी धरली, आणि तिला एकदम रडू फुटलं. एवढी मानी बाई, परक्या बाईसमोर हुंदके देत होती. बोलल्याची लाज होतीच, पण आपल्याला असं रडताना कुणी बघतंय याची लाज त्याहून मोठी. तोंड झाकायला हातही मोकळे नव्हते.

लाल्ला रहीमोच्या ते लक्षात आलं. तिनं मान सावरली, जोर लावून नजर फिरवली, आणि फेत्तूमाचं रडणं थांबेपर्यंत थेट तिच्या तोंडाकडे बघत राहिली.